काम क्र. २१४ : ऑटोस्विच काढणे

३० मार्च २०२५, रविवार. गुढीपाडवा

माझ्या मोटर वायंडिंगच्या दुकानाच्या वहीत प्रत्येक कामाला नंबर पडतो. मालक कोण, गाव कुठलं, किती एचपी, तक्रार काय, उघडल्यावर आत काय निघालं, काय बदललं, किती झाले, किती दिले. जानेवारीपासून लहानमोठी २१३ कामं झाली. २१४ वं माझं स्वतःचं.

मालक: मीच. गाव: औसा. तक्रार: रोज दोन पुड्या तंबाखू, बत्तीस वर्षं.

मागच्या आठवड्यात दाढ ठणकायला लागली म्हणून लातूरला दाखवायला गेलो. डॉक्टरीणबाईंनी दाढ राहू दिली आणि खालचा ओठ उलटा करून बघत बसल्या. आत, दात आणि ओठाच्या मधल्या पन्हाळीत, करंगळीच्या नखाएवढा पांढरा चट्टा. नेमका जिथं बार ठेवतो तिथंच. मग तोंड उघडायला लावून बोटं उभी घालून पाहायला सांगितली. तीन बसली. "तीन बसतात हे बरंय. सहा आठवडे पूर्ण बंद करा. चट्टा गेला तर गेला, नाहीतर तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल." एवढंच बोलल्या. घाबरवलं नाही, म्हणूनच जास्त घाबरलो.

सोडायची ही पाचवी खेप. एकदा तुळजापूरच्या पायरीवर सोडली होती, एकदा थोरलीच्या जन्माला. लॉकडाऊनमध्ये पुडी मिळेना म्हणून सुटली, दुकानं उघडली तशी परत आली. आणि एकदा माळ घातली तेव्हा. महाराजांनी दारू-मटणाचं विचारलं, तंबाखूचं विचारलंच नाही, मीच आगाऊपणा करून शब्द दिला. तो एकोणीस दिवस टिकला. तेव्हापासून शपथ या प्रकारावर माझा भरवसा नाही. जळालेल्या मोटरला अगरबत्ती ओवाळण्यातला प्रकार तो.

या वेळी आधी सोडायची नाही. आधी मोजायची. मोटर उघडल्याशिवाय मी भरायला, म्हणजे नवी तार गुंडाळायला, घेत नाही, मग स्वतःलाच का घ्यावं?

३१ मार्च, सोमवार

ईद. हाताखालचा पोरगा सुट्टीवर, दुपारी शीरखुर्म्याचा डबा देऊन गेला. दुकानात एकटाच.

तंबाखूच्या प्रत्येक बारामागं वहीत एक रेघ, असं ठरवलं होतं. रात्री मोजल्या तर रेघा अकरा. पुड्या मात्र दोन्ही रिकाम्या. एका पुडीत माझे आठ-नऊ बार होतात, म्हणजे सतरा तरी झाले असणार. मधले सहा कुणी खाल्ले?

वही मांडीवर होती, पेन कानावर होतं, आणि तरी सहा वेळा हातानं खिसा गाठला, तळव्यावर तंबाखू घेतली, चुना लावला, मळली, थाप मारली, ओठात सोडली. मला पत्ता नाही.

२ एप्रिल, बुधवार

तीन दिवसांच्या रेघा समोर ठेवल्या. तोंड धुवायच्या आधी एक. शटर वर केलं की एक. गिऱ्हाईक येऊन बाकड्यावर टेकलं की एक, कारण तोच विचारतो, "हाय का ओ जरा?" जेवल्यावर एक. आणि सगळ्यात मोठा गठ्ठा तार ओढतानाचा. सबमर्सिबलच्या स्टेटरला, म्हणजे मोटरच्या न फिरणाऱ्या भागाला, चोवीस खाचा. तार एकेक करून हातानं ओढावी लागते, एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं पोरगा. चार खाचा भरल्या की मी थांबतो, पाठ सरळ करतो आणि बार भरतो. एक मोटर म्हणजे सहा बार. हे मी वीस वर्षं करतोय आणि आज पहिल्यांदा कळलं.

यावरून नाव सुचलं. आमच्याकडं शेतीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री दोनला. कोण उठणार? म्हणून मोटरच्या स्टार्टरच्या पेटीत ऑटोस्विच बसवतात. लाईट आली की मोटर आपोआप सुरू, मालक घरी घोरत. बोअरला पाणी असो नसो, तीन फेज असोत की दोन, त्याला घेणंदेणं नाही. लाईट आली, झालं. उन्हाळ्यात माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या जळक्या मोटरी यानं दिलेल्या.

तर माझ्या हाताला ऑटोस्विच बसलाय. शटर वर गेलं ही लाईट. बाकड्यावर माणूस टेकला ही लाईट. मी आत झोपेत.

३ एप्रिल, गुरुवार

बाकडं बाहेर काढलं, रस्त्यापलीकडं लिंबाखाली ठेवलं. तंबाखूचा खिसा, म्हणजे शर्टाचा डावा, बायकोकडून शिवून घेतला. तिनं विचारलं नाही, फक्त दोरा दुहेरी घातला. तार चार-चार खाचांनी थांबून ओढायची नाही, तीन खाचांनी थांबायचं आणि थांबलं की उठून माठातलं पाणी प्यायचं. पोरगा म्हणाला, "सहा बार व्हायचं जागी आठ तांबे पाणी. मुतायला कोण जाणार?"

पुडीवर एक फुकट नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६, तंबाखू सोडायला मदत करणारा. किती वर्षं तो नंबर दातानं फाडतोय. आज लावला. मराठीत बोलणारी बाई मिळाली. तिनं तारीख ठरवायला लावली. उद्याची सांगितली.

४ एप्रिल, शुक्रवार. बंद

काही लिहिण्यासारखं नाही. डोकं भणभणतंय.

५ एप्रिल, शनिवार

पोरावर ओरडलो. पाना उजव्या हाताला ठेवला नाही म्हणून. पाना उजव्याच हाताला होता.

६ एप्रिल, रविवार. रामनवमी

रात्री साडेतीनला जाग. नंबरवरच्या बाईनं सांगितलं होतं, पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट. निकोटीन अंगातून लवकर उतरतं, दोनेक तासांत निम्मं, म्हणूनच हात सारखा खिशाकडं पळतो. तल्लफ उठली की घड्याळ बघायचं, पाच-दहा मिनिटांत ती आपोआप बसते. बघितलं. एक सात मिनिटं चालली, एक चार. घड्याळ लावून पाहिलं की ती लहान वाटते हे खरं. पण लहान म्हणजे मवाळ नव्हे.

९ एप्रिल, बुधवार

तोंडाला फुटाणे दिलेत. हाताचं काय? तंबाखूपेक्षा मला मळण्याची सवय जास्त आहे असं दिसतंय. अंगठा आपोआप डाव्या तळव्यावर फिरतो. जळक्या वायंडिंगची तार घेऊन बोटाभोवती कडी वळतो, सोडतो, परत वळतो. संध्याकाळी टेबलावर कड्यांचा ढीग. पोरानं भंगाराच्या पोत्यात टाकताना मोजल्या: एक्केचाळीस.

बायको म्हणाली, एवढं मळायचंय तर पीठ मळा. मळलं. ज्वारीचं पीठ आणि तंबाखू यांचं तंत्र वेगळं आहे. भाकरी तव्यावर चिरली.

१७ एप्रिल, गुरुवार

काम क्र. २३६, ५ एचपी, तेरणेकाठचं गाव. हीच मोटर या सालात तिसऱ्यांदा आली. जानेवारीत भरली, मार्चच्या सुरुवातीला भरली, आता परत. उघडली तर दोन फेजच्या गुंडाळ्या कोळसा आणि तिसऱ्या फेजच्या लख्ख, जशा मी ओढल्या तशाच. ही खूण आंधळ्यालाही कळावी. एक फेज गेली की उरलेल्या दोन तारांवर पावणेदोन पट भार येतो आणि त्याच जळतात. मोटरचा काही दोष नाही. मागच्या दोन्ही वेळी हेच दिसलं असणार. मी बघितलं, भरली, पैसे घेतले, वहीत लिहिलं 'वायंडिंग केले'. सरळ सांगायचं तर तो वीस वर्षांचा माझा दुसरा ऑटोस्विच.

मालक वयस्क. त्यांना म्हटलं, "मामा, या वेळी मोटर भरायच्या आधी मला तुमची पेटी बघायचीय." ते संशयानं बघत राहिले. मोटरसायकलवर गेलो. पत्र्याची पेटी, आत पालीची अंडी, ऑटोस्विच, आणि एक फेज गेली की मोटर बंद पाडणारा प्रिव्हेंटर आहे, पण त्याची वायर काढून बाजूला बांधून ठेवलेली.

"ते का काढलंय?"

"ते सारखं बंद पाडूलालं मोटर."

"अहो, त्याचं कामच ते हाय."

"मग रातच्याला दोनला उठून कोण येणार? तुमी येताव?"

उत्तर नव्हतं माझ्याकडं. प्रिव्हेंटर जोडला, ऑटोस्विचपुढं टायमर टाकला, म्हणजे लाईट आली तरी काही मिनिटं थांबून, तिन्ही फेज असल्या तरच मोटर उठेल. पूर्ण बंद करा म्हणून सांगण्यात अर्थ नाही हे शेतात उभं राहिल्यावर कळतं. जाण्यायेण्याचे तीनशे मागितले, पहिल्यांदा. दिले. दिले म्हणजे, शेंगांवर लिहून ठेवा म्हणाले.

२५ एप्रिल, शुक्रवार. एकविसावा दिवस

थोरली लातूरला नीटच्या क्लासला, खोली करून राहते. फोनवर म्हटलं, आज एकवीस दिवस झाले, सुटली म्हणायची. तिनं माझा फुगा फोडला. एकवीस दिवसांची गोष्ट एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनची, १९६० ची. चेहरा बदललेल्या पेशंटला आरशातल्या नव्या तोंडाची सवय व्हायला निदान एकवीस दिवस लागतात, एवढंच त्यानं बघितलं होतं. 'निदान' लोकांनी गाळलं आणि तोंडाचं सगळ्या सवयींना लावलं. पुढं लंडनच्या विद्यापीठात ९६ जणांवर नीट पाहिलं, २००९ साली छापून आलं. नवी सवय आपोआप व्हायला मधला आकडा ६६ दिवस, पण कुणाला १८ लागले तर कुणाला २५४ लागतील असं निघालं. आणि एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही.

"पण पप्पा, ते सवय लावण्याचं आहे, सोडण्याचं नाही."

म्हटलं, मी तेच करतोय की. फुटाण्याची लावतोय.

४ मे, रविवार

थोरलीची परीक्षा. लातूर. दुपारी दोन ते पाच. पोरं दीड वाजता आत गेली, गेट लागलं, आणि बाहेर आम्ही बाप. बेचाळीस-त्रेचाळीसचं ऊन, एक चिंच आणि तिच्या सावलीत साठ-सत्तर बाप. कुणी हिंगोलीचा, कुणी गंगाखेडचा, कुणी उदगीरचा. पहिली दहा मिनिटं कुणी बोललं नाही. मग एकानं पुडी काढली, मळली आणि न बोलता हात पुढं केला. शेजाऱ्यानं चिमूट उचलली. त्या शेजाऱ्यानं पुढच्याला दिली. पाच मिनिटांत सगळी सावली मळायला लागली. थाप, थाप, थाप.

हात माझ्यापुढं आला. अनोळखी माणूस, डोळे रात्रभर न झोपलेले. मराठवाड्यात तळहातावरची तंबाखू नाकारणं म्हणजे "मी तुमच्यातला नाही" असं सांगणं. व्यसन-बिसन ठीक आहे, माझं अडतं ते इथं. म्हटलं, "दातात मसाला भरलाय, डॉक्टरनं बंदी घातलीय." खोटं. पण खोटं बोललो आणि फुटाण्याची पिशवी त्यांच्या हातात दिली. ती पिशवी झाडाखाली फिरून माझ्याकडं आली तेव्हा तळाला मीठ राहिलं होतं.

पाच वाजून गेल्यावर थोरली बाहेर आली, फिजिक्स लांबलचक होता म्हणाली, आणि माझ्या तोंडाजवळ येऊन वास घेतला. म्हणजे तिला पेपरची काळजी कमीच होती.

१६ मे, शुक्रवार

सहा आठवडे. चट्टा फिका झालाय, गेलेला नाही. अजून चार आठवडे बघू, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बंद ठेवलीत हे ओठावर दिसतंय, असंही म्हणाल्या.

२६ मे, सोमवार

पाऊस महाराष्ट्रात कालच आला म्हणतात, इकडं तर अवकाळी अर्धा महिना झोडपतोय. मोटरींचा सीझन मे महिन्यात बुडाला. दुकानात तीन दिवसांत एक काम. रिकामा हात फार वाईट. दुपारी शेजारच्या टपरीपर्यंत गेलो, उभा राहिलो, बिस्किटाचा पुडा घेऊन आलो. टपरीवाला म्हणाला, "मिस्त्री, माझ्यावर रुसलाव का?"

रिकामपण काढायला एक केलं: जुन्या वह्या काढून बसलो. पाच वर्षांत ज्यांची मोटर तीनदा किंवा जास्त आली अशी माणसं काढली. एकतीस निघाली. पोरगा म्हणाला, ह्यांच्या पेट्या नीट केल्या तर आपण खायचं काय? प्रश्न बरोबर आहे. तरी यादी भिंतीला लावली. वर लिहिलं: पेटी तपासणी, ३०० रुपये, सुट्टे आणावेत.

१९ जून, गुरुवार

चट्टा नाही. दोनदा आरसा दाखवायला लावला. तुकडा काढायची गरज नाही, सहा महिन्यांनी या, म्हणाल्या. ६६ वा दिवस कधीच मागं पडला, माझ्या लक्षातही आला नाही.

एकतीसपैकी नऊ जणांच्या पेट्या झाल्या. दोघांनी शिव्या दिल्या.

(जुलै-ऑगस्ट कोरे. काही झालं नाही म्हणून, चांगलं चाललंय म्हणून. पोळ्याला एकानं आग्रह केला, फुटाण्यावर निभावलं.)

२८ सप्टेंबर, रविवार

आठवडाभर आभाळ फाटलंय. तेरणा, मांजरा दोन्ही पात्र सोडून शेतात. सोयाबीन पाण्याखाली, काही ठिकाणी मातीसकट गेलं. नदीकाठचे मोनोब्लॉक पंप गाळात, पेट्या उलट्या. तीन दिवसांत साठच्या वर मोटरी दारात. खोलायच्या, गाळ धुवायचा, रोटर वेगळा ठेवायचा, स्टेटर दोनशे वॉटच्या बल्बांखाली वाळवायचे, मेगरवर, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या मीटरवर, एक मेगाओमच्या वर चढला तरच जोडायचा. एकाच वेळी अकरा स्टेटर बल्बांखाली, दुकानाची भट्टी झालेली. पोरगा आणि मी आळीपाळीनं दोन तास झोपतोय. पैसे कुणी विचारत नाही, मीही मागत नाही. ज्याचं शेतच नदीत गेलं त्याला काय बिल द्यायचं?

काल रात्री साडेतीन वाजता एक गाववाले ट्रॅक्टर घेऊन आले, मागं सहा मोटरी, अंगावर चिखल वाळलेला. टेकले. काढली. मळली. माझ्यापुढं धरली. मी घेतली.

इथं तल्लफ वगैरे काही नव्हती. घेतली आणि बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो. आज दिवसभरात चार.

३० सप्टेंबर, मंगळवार

काल तीन, आज सकाळी एक. मग थांबलो आणि उघडून बघितलं, साडेतीनलाच का.

आजचीच तारीख, १९९३. पहाटे चारला चार मिनिटं कमी. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, पोरं दमून झोपलेली. आमचं गाव किल्लारीपासून लांब नाही. घर पडलं, आम्ही वाचलो, आजी गेली. मी तेरा वर्षांचा. सगळ्या भागात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, हे नंतर कळलं. त्या वेळी फक्त पाऊस आणि माती कळत होती. पुढं पत्र्याच्या शेडमध्ये रात्री पुरुष माणसं जागी बसायची, परत हादरेल या भीतीनं. मी पण बसायचो. एका रात्री चुलत्यानं तळवा पुढं केला, म्हणाला, "घे, झोप येत नाही यानं." माझा पहिला बार तो. कुणी बिघडवलं नाही मला. माणसांत घेतलं.

परवाचा ट्रॅक्टर, चिखल, साडेतीन, तळवा. कुठली लाईट आली ते आता कळलं. बत्तीस वर्षांत एकदाही तिचा विचार केला नव्हता.

थोरलीला सांगितलं, आठ बार झाले. वाटलं रडेल. ती म्हणाली, "वहीत लिहिलंत का?" लिहिलं म्हटलं. "मग झालं. नवीन नंबर टाकू नका, तोच पुढं चालवा." दुपारपासून बंद. बल्बाजवळ माठ ठेवला. पोराला सांगितलं, रात्री बारानंतर कुणी टेकलं तर तू बोलायचं, मी स्टेटरकडं तोंड करून बसणार.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पुराच्या मोटरी संपल्या. सहा जणांनी पैसे दिले, एकानं कोंबडा. यादीतल्या बावीस पेट्या झाल्या. एप्रिलमधले मामा येऊन गेले, मोटर घेऊन नव्हे, शेंगा घेऊन. प्रिव्हेंटर परत काढलाय का विचारलं तर हसले. काढला असणार. जाऊन बघावं लागेल.

१९ डिसेंबर, शुक्रवार. येळवस (वेळ अमावस्या)

लातूर जिल्ह्यात आज गाव ओस आणि शिवार भरलेलं. पहाटेपासून आईची घाई. नव्या मडक्यात आंबील, बाजरीचे उंडे, मिसळ भाज्यांची भज्जी, खीर, सगळं टोपल्यात घालून टेम्पोत. तुरीच्या कडेला कडब्याची खोप केली, आत पाच पांडव मांडायचे, म्हणजे शेतातलेच पाच दगड, चुना लावून, वर काव ओढून. पुरानं बांध नेला होता, दगड नवे शोधावे लागले.

आईनं दगड धुतले, हात पुढं केला.

"चुना."

माझा हात शर्टाच्या डाव्या खिशाकडं गेला. खिसा शिवलेला. दरवर्षी पांडवांचा चुना माझ्या डबीतला, एवढ्या वर्षांत वेगळा आणावा लागतो हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आई माझ्याकडं बघतेय, बायको तोंडाला पदर लावून हसतेय, आणि आंबील भरलेलं मडकं, भज्जी, पाहुणे, सगळं चुन्यावाचून अडलेलं.

पोराला शेजारच्या शिवारात पळवलं. परत आला तर डबी आणि डबीवर कागदात बांधलेली चिमूट, मिस्त्रीला द्या म्हणून. आईनं चुना काढून घेतला, पाचही दगडांना बोटानं लावला. चिमूट कागदात तशीच बांधून, डबीवर ठेवून, सोबत भज्जीचा द्रोण आणि दोन उंडे देऊन पोराला परत पाठवलं.

मग आंबील शिंपडत रानाला फेरी मारली.